लहान क्रूझ की मोठी, ते आमच्या घरच्या सभेत ठरलं

परवा रविवारी आमच्या घरी सभा भरली. मोबाईलवर. मी आणि आमचे बुढे, म्हणजे प्रशांतचे बाबा, इकडे गडचिरोलीच्या जंगलातल्या आमच्या गावी, पडवीत खाटेवर... मुलगा प्रशांत आणि सूनबाई तिकडे पुण्याला सोफ्यावर. विषय एकच, जहाज.

म्हणजे झालं असं. करोनाच्या आधी प्रशांतनं आम्हा चौघांचं क्रूझचं बुकिंग केलं होतं. मी शेजारणींना सांगून बसले, नवं लुगडंही घेतलं... आणि करोना आला. जहाजं बंद, गाड्या बंद, आमचा आठवडी बाजारसुद्धा बंद. लुगडं शेवटी भाचीच्या लग्नात नेसून टाकलं, काय करता.

मग कोणी नाव काढलं नाही. आता इतक्या वर्षांनी प्रशांत म्हणाला, आई, राहिलेलं करून टाकू. दोन क्रूझ आहेत. लहान म्हणजे मुंबईहून गोवा, दोन रात्रींत परत. मोठी म्हणजे पार लक्षद्वीप, पाच रात्री.

"मोठी," मी म्हटलं. त्याचं बोलणं पुरं व्हायचं होतं अजून.

माझं कारण साधं आहे. माझा सगळा जन्म जंगलात गेला. इकडे कुठेही पाहा, नजरेला झाड आडवं येतंच. मोहाचं येईल, सागाचं येईल, पण येईल. मोठ्या क्रूझमध्ये एक अख्खा दिवस चारी बाजूंनी नुसतं पाणी असतं म्हणे. नजर जाईल तिथपर्यंत जाऊ द्यायची, मधे कोणी अडवणार नाही... ते मला एकदा पाहायचं होतं.

पण सूनबाई म्हणाली, "आई, मला घाटातल्या बसमध्येसुद्धा उलटी होते हो. लहानच बरी." प्रशांत म्हणाला, "करोनानंतर तुम्ही घर सोडलंच नाही. आधी लहान करून बघू." बुढ्यांना विचारलं, तर "लहान," म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

"तीन विरुद्ध एक. आई, तू पडलीस," प्रशांत हसला.

"काऊन रे बाबू, पुण्याले जाऊन गावची रीत विसरला का? आपल्या ग्रामसभेत कोणी पडते का?"

तुम्हाला सांगते, आमच्या गावात हात वर करून मोजत नाहीत. बांबू कधी तोडायचा, तेंदूपत्ता कोणत्या ठेकेदाराला द्यायचा, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत सभा चालते. एकानं नाही म्हटलं तरी पुन्हा बसायचं. एकदा तेंदूपत्त्यावरून एक भाऊ असा अडून बसला की सभेवर सभा झाली. शेवटी कळलं, पत्त्याचं काही नव्हतंच... त्याच्या घरी बोलावणं गेलं नव्हतं म्हणून रुसला होता. त्याला चहा पाजला आणि ठराव झाला. मी चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं शिकले की माणूस नाही म्हणतो तेव्हा खरं कारण मागे कुठेतरी असतं.

तर मी म्हटलं, बसा. मला कुठे जायचं आहे.

सूनबाई आधी मोकळी झाली. गोळ्या मिळतात, ते तिला माहीत होतं. तिला लाज वाटत होती, सासू-सासऱ्यांसमोर ओकायची. मी म्हटलं, "अवं, हा प्रशांत पोटात होता तवा मी धानाचा रोवणा करता करता बांधावर ओकत होती. साऱ्या गावानं पाह्यलं. कोणाचं काय गेलं?" ती हसून लोळली.

प्रशांत म्हणाला, तुम्ही थकाल. म्हटलं, थकलो त झोपू, पलंग आहे नं तिथी? तोही मानला.

राहिले बुढे.

"तुमचं काऊन लहान?"
"धान हाये वावरात."
"तवापर्यंत कापून होते."
"बैलाईले कोण पाहीन?"
"बैल मागच्या साली इकले तुम्ही."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "तुले नेलं होतं, आठवते का?"

करोनात मला ताप आला होता. गाडी आली आणि मला एकटीला जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. यांना येऊ दिलं नाही. मी बरी होऊन आले आणि विसरूनही गेले.

"मी रोज टेकडीवर चढत होतो," म्हणाले. "गावात तवा टावर नव्हता. वर गेलं की रेंज भेटे. नर्सबाई सांगे, बरी हाये, मंग खाली येत होतो. आता जहाजात तुले ताप आला, अन् वेगळं ठेवलं त? तिथी त टेकडीबी नाई."

रोज एका चुलीचं खातो आम्ही, पण या माणसानं मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांचं पायाचं दुखणं वयाचं समजून तेल चोळत बसले होते...

सभा तहकूब झाली. सोमवारी प्रशांतनं कंपनीला फोन केला. संध्याकाळी सांगितलं, बाबा, जहाजावर डॉक्टर आहे, आणि आजारी माणसाजवळ घरचं माणूस थांबू शकतं. बुढ्यांनी ते दोनदा बोलायला लावलं.

मग सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "मंग पाचच रात्री काऊन? याच्याहून मोठी नाई का?"

ठराव एकमतानं पास. बुकिंग मोठीचंच झालं, आणि कोणी हरलं नाही.

समुद्र अजून पाहायचाच आहे. पण इतक्या वर्षांच्या संसारात जे ऐकायचं राहिलं होतं, ते ऐकायला मिळालं... त्या जहाजाचे मी आत्ताच आभार मानून ठेवते.