आली भिंत

माझ्या नातीला पोहायला मी शिकवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तिच्या कॉलेजच्या सरांबद्दल लिहायचं आहे, आणि मग लोकांना वाटतं सगळं त्यांनीच केलं.

कोडोलीच्या आमच्या मळ्यात जुनी मोटेची विहीर आहे, चांगली ऐसपैस. पोर सहा वर्षांची झाली तशी पाठीला वाळका भोपळा बांधून मी तिला पाण्यात सोडलं. आमच्याकडं सगळे असेच शिकले. पण खालचं काळं पाणी बघून ती किंचाळली, गर्रकन उलटली आणि भोपळ्याची उशी करून उताणी पडली.

"पालथी हो की गं!"

"न्हाय. हितनं आभाळ दिसतंय."

तेव्हापासनं ती उताणीच पोहते. हट्ट कुणाचा घेतलाय ते सांगायला नको.

उताणं पोहणाऱ्याला पुढची भिंत दिसत नाही. आठ वर्षांची असताना तिचं डोकं दगडावर आपटलं, तीन टाके पडले. त्यानंतर मी काठावरनं तिच्याबरोबर चालायचो आणि भिंत जवळ आली की ओरडायचो, "आली भिंत!" ती थांबायची. कैक वर्षं असंच चाललं. माझा आवाज तीन मळ्यांपलीकडं जायचा, आणि त्याची मला घमेंड होती.

वारणानगरच्या कॉलेजात गेल्यावर ती शर्यतीत उतरली. उताणं पोहण्याची, पन्नास मीटरची. पहिल्या वर्षी चौथी आली, दुसऱ्या वर्षी तिसरी. विद्यापीठाच्या संघात पहिल्या दोघीच घेतात. तिसरं वर्ष कॉलेजचं शेवटचं. त्या संघातनं एकदा परराज्यात पोहायला जायचं, एवढंच तिच्या मनात होतं. लहानपणापासनं तिनं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

तर एका रविवारी तिचे सर मळ्यात आले. वयानं माझ्या पोरापेक्षा लहान. म्हणाले, "शेवटच्या पाच मीटरला ही मान वळवून मागं बघते, तिथंच मागं पडते. ही सवय कुठनं लागली ते बघायचंय." नात विहिरीत उतरली. मी नेहमीसारखा ओरडलो. सर हसले. "सापडलं," म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. तलावावर भिंतीच्या पाच मीटर अलीकडं वर पताकांची दोरी असते. ती डोक्यावरनं गेली की मारलेले हात मोजायचे आणि मोजूनच भिंतीला भिडायचं. बघायचं नाही, थांबायचं नाही.

"आजोबा, आजपासून ओरडणं बंद."

"पावणं, विहीर माझी, नात माझी आणि तोंडबी माझंच."

"तोंड तुमचंच की. पण शर्यतीत तिला ते पाण्यात नेता येत न्हाई."

मी आणखी चार शब्द सुनावले असते, पण नात ओल्या केसांनी पायऱ्या चढून वर आली. खाली मान घालून म्हणाली, "आजा, मी तिथं पताका मोजतच न्हाय. तुझा आवाज कधी येतोय म्हणून वाट बघत ऱ्हातो. येत न्हाय, मग मान वळती."

दोन दिवस मी विहिरीकडं फिरकलो नाही. ज्या ओरडण्यानं तिचं डोकं राखलं, तेच तिच्या आडवं आलं होतं. तिसऱ्या दिवशी ट्रंकेतनं माझा लग्नातला लाल पटका काढला आणि कात्री घेऊन बसलो.

"अवो, याड लागलंय काय?" आमची म्हातारी धावत आली. "इतकी वर्सं जपलाय त्यो!"

"पताका लागत्यात."

"कुणाचं लगीन हाय?"

"विहिरीचं."

दोरी मी बांधली. पुढच्या रविवारी सरांनी टेप लावून ती हातभर सरकवली. मी सरकवू दिली. माझ्यासारख्यानं सरकवू दिली, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

पताकेपासनं सहाव्या हाताला भिंत. पहिल्या दिवशी मी टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला आणि काठावर बसलो. तिचे चौथे-पाचवे हात मंदावले, माझ्या आवाजाची वाट बघत, आणि मी दात रोवून बसलो. दुसऱ्या खेपेला ती थांबली नाही. बोटांची सालटं निघाली, दगडावर रक्त लागलं. मी टॉवेल काढला नाही. घरी जाऊन मात्र ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणली आणि भिंतीला टांगली. ओरडू नको म्हणाले होते, ट्यूब टांगू नको कुणी म्हणालं नव्हतं.

शर्यत कोल्हापुरातल्या तलावावर होती. टोप्या घातल्यावर सगळ्या पोरी सारख्याच दिसतात, पण आमचीचा डावा हात पाण्यात जरा तिरका पडतो, मी लगेच ओळखली. टॉवेल तोंडात होताच. पताकांखाली तिघी बरोबरीनं आल्या. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन. चौथ्याला मी टॉवेल आणखी घट्ट चावला. तिची मान हलली नाही. सहाव्याला हात भिंतीवर बसला.

दुसरी आली. संघात गेली.

मी टॉवेल ओढून काढला तर त्यात अडकून कवळीबी बाहेर आली. नात ओलीचिंब माझ्यापुढं येऊन उभी, "आजा, बोल की काहीतरी!" आणि मी तोंडावर हात धरून नुसता मान हलवतोय. सरांनी पाठ फिरवून हसू दाबलं. मला दिसलं, पण त्या दिवशी मी त्यांना माफ केलं.

परराज्यातल्या शर्यतीत ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली. हसतच परत आली. सरांचे आभार मी तोंडानं मानले नाहीत, मला ते जमत नाही. दोन गुळाच्या ढेपा पाठवल्या. त्यांना ते कळलं नसेल तर आता इथं वाचतील.

परवा ती मळ्यात आली आणि विहिरीत उतरली. उताणी पडून म्हणाली, "आजा, एकदा ओरड की, पयल्यासारखं."

मी उठून काठाला गेलो, छाती भरून घेतली. "आली भिंत!" म्हणेपर्यंत तिचा हात ट्यूबवर बसलाही होता.