मोघ्यांचा लॅपटॉप कोरा केला तेव्हा

“भिया, डिलीट केलेलं परत येतं का?” केबिनचं दार लावून मोघ्यांनी विचारलं.

मोघे आमच्या कंपनीत सेल्सला, सगळ्यांना ‘भिया’ म्हणजे भाऊ म्हणणारे. मी सिस्टिम अ‍ॅडमिन. त्यांना नवा लॅपटॉप मिळाला होता. जुना, लिनक्स सिस्टिमवाला, संध्याकाळपर्यंत जमा करायचा होता. तो पुढे खुद्द डायरेक्टर मिश्राजी वापरणार होते.

“येतं,” मी म्हणालो. “काय होतं त्यात?”

“मिश्राजींची नक्कल. घरच्यांना हसवायला पोटाला उशा बांधून व्हिडिओ काढले होते. आणि माझ्या प्रमोशनची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे, यार!”

मी त्यांना समजावलं. डिलीट म्हणजे अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडणं. धडा पुस्तकात तसाच राहतो. लिनक्समध्ये श्रेड नावाची कमांड आहे, ती फाइलवर निरर्थक मजकूर लिहिते. पण हल्लीची एसएसडी डिस्क नवं लिखाण दुसऱ्याच जागी ठेवते, जुनं शिल्लक राहू शकतं. म्हणून अख्खी डिस्कच पुसायची. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा आणि डिस्कला तिचीच सिक्युअर इरेज कमांड द्यायची.

“यानंतर ब्रह्मदेवालाही काही सापडणार नाही. कामाच्या फाइल्स काढल्या?”

“सकाळीच सर्व्हरवर टाकल्या. दाबा तुम्ही!”

मी एंटर दाबला. मग डिस्क ठिकठिकाणी वाचून पाहिली. सगळीकडे शून्य. शून्य बघून इतका खूश झालेला सेल्सचा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

“छान. सर्व्हरवर नेमक्या कोणत्या फाइल्स टाकल्या?” मी सहज विचारलं.

“एकेक छाटत कोण बसणार? पूर्ण फोल्डरच टाकलं. टीमच्या शेअर्ड ड्राइव्हवर.”

“व्हिडिओंसकट? तो ड्राइव्ह मिश्राजीही बघतात,” मी म्हणालो. मोघ्यांना आता उमगलं आणि ते खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनसमोर बसले. मी घाईघाईने ते फोल्डर उघडतोय, तोच त्यांचा फोन वाजला. मिश्राजी. घाबरून मोघ्यांचं बोट स्पीकरवर पडलं.

“मोघेजी, आवाज तो बढ़िया पकड़ा है. लेकिन पेट पे दो तकिये? एक काफी है.”

“जी सर,” मोघे उभे राहून म्हणाले. “एक कम कर देता हूँ.”

प्रमोशन झालं. सोबत एक कामही लागलं. दर वर्षी अ‍ॅन्युअल फंक्शनला ती नक्कल करायची. मिश्राजी पहिल्या रांगेत बसतात आणि चुका काढतात.

हल्ली काहीही पुसण्याआधी मी विचारतो, याच्या प्रती आणखी कुठे आहेत? शून्य दिसतं ते फक्त समोरच्या डिस्कवर.