ओसरीवरचं वाचन

दुपारी शाळा सुटली की मोहल्ल्यातल्या पोरी माझ्याकडं कुराण वाचायला येतात. लग्न होऊन कळमनुरीत आल्यापासून मी हे काम करतेय. नुसतं बसून शिकवणं मला कधी जमलं नाही. मी आत भाकऱ्या थापायची, पोरी ओसरीवर मोठ्यानं वाचायच्या, आणि कुणी चुकलं की मी चुलीपासूनच ओरडायची, "ए, मागं जा, परत वाच!" दहा जणी एकदम वाचत असल्या तरी चुकणारी कोण, ते मला बरोबर कळायचं. समोरच्या घरातली वहिनी म्हणायची, "आपा, तुमच्या पोरी सुटल्या की मी चहा ठेवते."

निवडणुकीच्या दिवसांत रस्त्यावरून कुणीतरी आमचा व्हिडिओ काढला आणि खाली नाही नाही ते लिहून मोबाईलवर फिरवला. आठ-नऊ वर्षांच्या पोरी, दोघींचे पुढचे दात पडलेले, आणि म्हणे इथं काहीतरी शिजतंय. शिजत होतं ते वरण.

संध्याकाळी वहिनीचे मालक आले. कचेरीत कारकून आहेत. माणूस भला, म्हणून तर जास्त लागलं. "आपा, मी हाय तोवर तुमाला तकलीफ न्हाई," ते म्हणाले. "पण दिवस बराबर न्हाईत. पोरींना जरा हळू वाचाय सांगा ना." मी व्हय म्हणाले. भांडायला हवं होतं, पण कुणाकुणाशी भांडू? जीव कंटाळून गेला होता. दुसऱ्या दिवसापासून पोरींना आतल्या खोलीत बसवलं, आणि कुणाचा आवाज चढला की डोळे वटारायला लागले. आता चूक धरायची तर हातातलं पीठ टाकून एकेकीच्या तोंडाशी कान न्यावा लागतो.

त्यातल्याच एकीचं कुराण या थंडीत पूर्ण झालं. शेवटचं पान तिनं सगळ्यांना वाचून दाखवायचं आणि मग दारातल्या मांडवात जेवणं, असं ठरलं. सेनगावहून तिची आजी आली. आजीला अक्षर येत नाही. तिच्या भावांना मशिदीत शिकायला पाठवलं आणि हिला शेळ्यांमागं. आपल्या घरातलं लेकरू वाचतंय आणि आपण ऐकतोय, एवढीच तिची हौस. त्यासाठी म्हातारी भरलेल्या जीपमध्ये अंग चोरून आली होती.

पोरगी नवी ओढणी घेऊन आतल्या खोलीत बसली. डोलायला लागली, ओठ हलायला लागले. थोड्या वेळानं आजीनं विचारलं, कधी सुरू करतेस? पोरगी म्हणाली, वाचतेच आहे की. आजीनं कानावरचा पदर मागं सारला आणि आणखी पुढं सरकली. तिला वाटलं, आपलेच कान गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "मोठ्यानं वाच गं, आज जोरात वाच."

पोरीनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच चुकले.

"आपा, बाहर आवाज जाता ना," ती म्हणाली.

बाहेर मांडवात तिचेच मामू, चाचा, फुप्प्या सगळे बसले होते. तिचं वाचणं कानावर पडलं की जेवायला वाढायचं, म्हणून थांबले होते.