डाव्या कानावर ओढलेली हॅट

चंद्रपुरात मे महिन्यात लोकरीची हॅट विकत घेणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर नाटकातला. मी दोन्ही नव्हतो. मी अहेरीच्या लाकूड डेपोत बाबू होतो, सव्वीस वर्षांचा, आणि माझ्या डोक्यावरचे केस गोल गोल जाऊन राहिले होते.

आधी केसांचं सांगतो, सगळं तिथूनच बिघडलं. माझ्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. तोंड असंतसंच, उंची बेताची, पगाराचं तर बोलूच नका. पण केस असे दाट की कंगव्याचे दात मोडायचे. तेव्हाच्या फॅशनप्रमाणे पुढे मोठा कोंबडा काढायचो आणि त्या कोंबड्यावरूनच ती मला पहिल्यांदा हसली.

ती भामरागडकडच्या एका उपकेंद्रात नर्स होती. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन रस्ता बंद पडला आणि ती लसीचा डबा घेऊन अहेरीत अडकली. आमच्या डेपोच्या पडवीत येऊन बसली. मी चहा मागवला. चहाचा कप हातात घेऊन ती माझ्या डोक्याकडे पाहत म्हणाली, "बाबू, कोंबडा लय मोठा ठेवला तुम्ही. बांग देते का?"

मी असा लाजलो की चहा शर्टावर सांडला. मग बोलता बोलता कळलं की तिचे वडील घुग्घुसच्या कोळसा खाणीत आहेत, माझा मामाही त्याच खाणीत, आणि तेही आमच्यासारखेच बौद्ध. संध्याकाळी ती ओळखीच्या घरी मुक्कामाला गेली, रस्ता खुला झाल्यावर एका ट्रकमध्ये बसून परत गेली. बस, एवढीच भेट. पण मी हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा मायजवळ विषय काढलाच. मायने मामाला गाठलं आणि मामाने तिच्या वडिलांना. निरोप आला की पोरगी मे महिन्यात रजेवर येते, तेव्हा पाहायला या. मामा म्हणाला, "नाव सांगतलं तं पोट्टी हासली न भाऊ. कोंबडावाले बाबू का, म्हने."

तुम्हाला हसू येईल, पण आयुष्यात मला कुणी असं आठवणीत ठेवलं नव्हतं. त्या निरोपावर मी महिनाभर हवेत होतो.

आणि मग चाई पडली.

अहेरीच्या न्हाव्याने आधी दाखवली. मागे, मानेच्या वर, नाण्याएवढी जागा साफ गुळगुळीत. "चाई हाय बाबू. कांद्याचा रस लावा." लावला. डोळ्यांतून पाणी आलं, केस काही आले नाहीत. उलट दुसरा चट्टा डाव्या कानाच्या वर उठला आणि सारखा वाढत गेला. एका वैदूने मुळी उगाळून दिली, तिने कातडी सोलली. होळी सरता सरता डाव्या कानावर तळहात मावेल एवढं मैदान झालं होतं. रोज सकाळी उशीवरचे केस वेचून मी बाहेर टाकायचो.

आमच्या भागात अंगावर चट्टा दिसला की लोकांच्या तोंडी एकच नाव येतं, महारोग. चाई आणि महारोगाचा काहीएक संबंध नाही, पण हे कुणाकुणाला सांगणार? डेपोत माठावर एकच गिलास असायचा. एक दिवस पाहतो तर दोन. मीच गपचूप काठावर ओरखडा असलेला गिलास उचलायला लागलो. माणसाने किती खाली जावं!

डेपोतला मोजणीदार मला थोरल्या भावासारखा होता. मूल गावाकडचा, धान पिकवणाऱ्या शेतकरी घराण्यातला, वयाने मोठा, आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. तोच एकटा माझ्या गिलासातून पाणी प्यायचा. मी त्याला म्हटलं, "भाऊ, मी नाई जात घुग्घुसले. मामाले सांगून देतो, पोट्टा मेला म्हणा."

"काऊन बे? झाकून घे न डोक्स."

"कशानं झाकू? दुपट्टा बांधून नोकरीवाल्या पोरीसमोर बसू?"

पांढरी टोपी आमच्यात कुणी घालत नाही. मंकी कॅप मे महिन्यात घातली असती तर सरळ वेड्याच्या इस्पितळातच नेलं असतं. भाऊने बराच विचार केला आणि म्हणाला, "हॅट घे. फेल्टची. साहेबावानी दिसशीन."

"आन घरात काढा म्हणले तं?"

"हट्! टोपी कोन काढाले लावते? आमच्यात तं देवासमोर टोपीच लागते. उघडं डोक्स घेऊन पूजेले बसलं तं बुढे लोकं शिव्या देतेत."

मला ते पटलं. इथेच माझं नशीब फुटलं, पण मला कळलं नाही. मी बौद्ध घरातला, लहानपणापासून वंदना म्हटलेली, तरीही मला ते पटलं. अहेरीत एकटा राहून राहून घरच्या रीतीच विसरलो होतो की काय कोण जाणे.

भाऊने एक दिवसाची रजा टाकली आणि आम्ही एसटीच्या लाल गाडीने चंद्रपूरला आलो. कपड्यांच्या दुकानात विचारलं तर पोरं हसली. शेवटी एकाने गोल बाजारामागचं एक दुकान सांगितलं. तिथे नाटक मंडळ्यांना लागणारं सामान मिळायचं. आमच्या झाडीपट्टीत हिवाळाभर गावोगाव नाटकं होतात, आणि नाटकातला व्हिलन हॅटशिवाय स्टेजवर येतच नाही. पिस्तूल नसलं तरी चालतं, हॅट पाहिजे.

दुकानदार म्हातारा, जाड भिंगाचा. त्याने तीन हॅट्स काढून फळीवर ठेवल्या.

पहिली काळी, कोरी करकरीत. डोक्यावर ठेवली आणि आरशात पाहिलं तर मीच मला ओळखलं नाही. काठ रुंद, कान अर्धा झाकलेला, मागचा चट्टाही गायब. मला ती हवीच झाली. मग त्याने किंमत सांगितली. मी ती तापल्या तव्यासारखी झटकन खाली ठेवली. भाऊ घासाघीस करायला गेला तर म्हातारा म्हणाला, "भाऊ, ही लोकर हाय, वांगी नाई."

दुसरी हिरवट, स्वस्त. पण हातात घेतली तर पुठ्ठा. म्हाताऱ्यानेच काठ दाबून दाखवला, दाबला तो दबलेलाच राहिला. "चांगली फेल्ट दाबली का परत उभी राह्यते," तो म्हणाला. "हे घामानं भिजली का कानावर लोंबते." प्रामाणिक माणूस होता बिचारा.

तिसरी तपकिरी. चार हंगाम नाटकात वापरलेली, पण फेल्ट अस्सल. काठ दाबून सोडला की टणकन वर यायचा. वरची चिमटी बोटांत बरोबर बसायची. आतल्या घामपट्टीवर कुणाच्या तरी केसांचा काळा रंग लागलेला. म्हातारा म्हणाला, "या हॅटनं लय खून केले, बाबू." किंमत मला झेपण्यासारखी होती. फक्त हॅट डोक्याला ढिली होती. केस असते तर बसली असती. त्याने जुना पेपर घेतला, त्याची लांब घडी केली आणि पुढच्या बाजूला घामपट्टीवर खोचून दिली. मी घालून पाहिली, सरळ बसवली तर चट्टा दिसायचा. मी डावीकडे ओढली. अजून ओढली.

"डाव्या कानावर काऊन ओढता?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी आरशाकडे वळलो. त्याने जवळ येऊन माझ्या कानाजवळ पाहिलं, आणि हॅट अजून जराशी खाली ओढून दिली. दुकानातून निघताना मला वाटलं, सरळ परतीची गाडी धरावी. भाऊ म्हणाला, "लय झ्याक दिसते बे! पोट्टी पागल होते का नाई पाय." मला रडायला येत होतं आणि हा पागल व्हायच्या गोष्टी करत होता.

तिथून तो अहेरीला परतला. गावाहून आलेली माय घुग्घुसला जायला बसस्टँडवर थांबली होती. मला पाहून तिने तोंडावर हात ठेवला. "माय वं! साहेबच दिसते माहा पोरगा." तिच्या आनंदात एवढा विश्वास होता की मला तिच्याकडे पाहवेना.

घुग्घुस म्हणजे धूळच धूळ. सिमेंटची पांढरी, कोळशाची काळी. दुपारच्या उन्हात बसमधून उतरून मामाबरोबर क्वार्टरपर्यंत गेलो तोवर हॅटच्या आत घामाचं तळं झालं होतं. पेपरची घडी लगदा होऊन कपाळाला चिकटली होती, पण हात लावायची सोय नव्हती.

तिच्या वडिलांनी दारात हात जोडले, "जयभीम." शिफ्ट करून आलेला, डोळ्यांच्या कडांत कोळसा उरलेला, शांत माणूस. आतली खोली स्वच्छ सारवलेली. भिंतीवर दोन फोटो, ताजे हार, खाली मूर्ती आणि मेणबत्ती. चार-पाच वडीलधारी मंडळी बसलेली. मला खुर्ची दिली. आतल्या दारात ती पांढऱ्या साडीत उभी होती. माझी हॅट पाहून तिच्या ओठांत हसू आलं, तेच पडवीतलं हसू. त्या एका क्षणात मला वाटलं की जमलं. बावा, जमलं!

तेवढ्यात तिचे वडील उठले. "आमच्या घरी कोन्तंही काम वंदनेशिवाय सुरू होत नाई. चला, उभे व्हा सगळे."

सगळे उभे राहिले. मामाने डोक्यावरचा दुपट्टा काढला. एका म्हाताऱ्याने निळी टोपी काढून काखेत धरली. मेणबत्ती पेटली. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कुणी रागावून पाहत नव्हतं, थांबले होते फक्त. आमच्यात मूर्तीसमोर डोकं उघडंच लागतं, हे मला दोन वर्षांच्या वयापासून माहीत होतं. देवासमोर टोपी ठेवायची रीत भाऊच्या घरची होती, आणि मी ती अहेरीहून माझ्या डोक्यावर घालून आलो होतो. मायने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता.

मी हॅट काढली.

पेपरची घडी कपाळाला चिकटून राहिली. काळा रंग घामात वितळून डाव्या कानावरच्या चट्ट्यावरून गालावर उतरला होता. वंदना सुरू झाली तशी मी हात जोडले. जोडलेले हात मध्येच सोडून कपाळावरचा कागद कसा काढणार? पूर्ण त्रिशरण-पंचशील होईपर्यंत मी तसाच उभा राहिलो, कपाळावर जुना पेपर आणि गालावर कुठल्याशा व्हिलनचा काळा रंग घेऊन. धरणी दुभंगावी असं लोक म्हणतात ते का म्हणतात, तेव्हा कळलं.

वंदना संपली तरी कुणी बसेना. एक म्हातारा हळूच भिंतीकडे सरकला. तेव्हा ती दारातून पुढे आली, माझ्याजवळ उभी राहिली, कपाळावरचा कागद काढला आणि माझं डोकं हाताने वळवून चट्टा नीट पाहिला. उपकेंद्रात पेशंट पाहत असेल तशी. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चाई हाय. बाकी काही नाई. केस येतीन."

आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

चहा झाला, पोहे झाले. तिचे वडील माझ्याशी चांगलंच बोलले, लाकडाचे भाव विचारले. निघताना त्यांनी स्वतः ती हॅट उचलून माझ्या हातात दिली. मामाच्या घरी पोचेपर्यंत माय माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिली.

निरोप आठ दिवसांनी मामाच घेऊन आला. वडिलांची ना नव्हती, चाईचं त्यांना काही वाटलं नव्हतं. नकार तिचा होता. ती म्हणाली होती, "वंदना होती म्हणून काढली. नसती तं लग्न लागेपर्यंत सांगतलं असतं का यायनं?"

मी मामाला म्हटलं, सांग तिला की आमच्यात लग्नातही वंदना असते, तिथेही काढावीच लागली असती. मामा नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

पावसाळा लागला. भामरागडचा रस्ता बंद पडला. डेपोच्या पडवीत कुणी आलं नाही. मी रोज संध्याकाळी तिथे बसायचो, कशाला ते विचारू नका. हॅट खुंटीवर लटकून होती, तिला बुरशी चढली. भाऊ दोनदा म्हणाला, "माहीच चुकी झाली रे." त्याची चुकी नव्हती. मला त्याच्यावर रागावताही येईना, आणि मग राग ठेवायचा तरी कुणावर?

थंडी पडली तेव्हा चट्ट्यावर लव दिसली. आधी पांढरी, म्हाताऱ्यासारखी. मग हळूहळू काळी. त्याच सुमारास मामाने सांगितलं की तिचं एका शाळामास्तराशी ठरलं. साक्षगंधही झालं होतं, म्हणजे साखरपुडा.

मी गावी गेलो. सकाळी आरशापुढे उभा राहून कंगवा फिरवला आणि तो डाव्या कानावर अडकला. कितीतरी महिन्यांनी अडकला. मी तसाच, कंगवा केसांत घेऊन, खाली बसलो आणि हमसून रडलो. माय चुलीपासून धावत आली.

"काय झालं रे? आले न केस? मंग आता काऊन रडून राह्यला?"

"आता कोनाले दाखवू, माय?"

माय माझ्याजवळ बसली, केसांत अडकलेला कंगवा सोडवला आणि शाळेत जाताना पाडून द्यायची तसा भांग पाडून दिला.