फाटकातून केलेला सर्व्हे

ज्या घरात मी पाऊलसुद्धा टाकलं नाही, त्या घरापुढं मी रजिस्टरात लिहिलं होतं, 'ताप नाही.' ठसठशीत अक्षरात. खाली सही.

स्वाइन फ्लूची साथ होती. श्रीगोंद्याच्या बाजूच्या आमच्या गावात मी तेव्हा नवीकोरी आशा सेविका. आज नातवंडं माझ्या थकल्या चालीची नक्कल करतात, तेव्हाची ऐट त्यांनी बघायला हवी होती. इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र, काखेत रजिस्टर. वाटायचं, सरकार म्हणजे आपणच. आणि हे सरकार कारखान्याच्या संचालकाच्या बंगल्यापाशी आलं की फाटकाबाहेर, डांबरी रस्त्यावर, चपला काढायचं! कुणी सांगितलं नव्हतं. आई त्यांच्या उसात खुरपायला जायची, ती तिथंच काढायची. मीही काढल्या.

"आईसाहेब, ताप-खोकला हाय का कुनाला?" मी रस्त्यावरून ओरडले.

संचालकाची आई ओट्यावरून म्हणाली, "न्हाई गं. तितूनच लिही. तुमी वस्तीवरनं येता, काय घिऊन येता कुनास ठाऊक."

मी हसले. खरंच हसले. वर 'बरं, बरं' म्हणाले. फाटकाच्या खांबावर खडूनं 'सर्व्हे झाला' असं लिहिलं आणि निघाले.

आमच्या बौद्ध वस्तीत मात्र मी घराघरात शिरले. चुलीपर्यंत गेले. गोधडीत हात घालून कपाळं चाचपली. ज्याला ताप, त्याचा लिहिला. उपकेंद्राच्या भिंतीवर गावाचा नकाशा होता. टोचायला टाचण्या नव्हत्या, म्हणून मी माझ्या पाकिटातल्या लाल टिकल्या चिकटवल्या. वस्ती लालेलाल. बंगल्यांची आळी कोरी करकरीत. दोन पावलं मागं सरून मी ते कौतुकानं बघितलं. बावळट.

आठवड्यात बंगल्यातली धाकटी सून गेली. सातवा महिना होता तिला. मी फाटकाबाहेर उभी होते तेव्हा ती मधल्या खोलीत तापानं फणफणत पडली होती. कारखान्याची निवडणूक तोंडावर, घरात साथ निघाली तर लोक काय म्हणतील, म्हणून दडवली. नगरला नेली तेव्हा उशीर झाला होता.

तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत सभा. संचालकानं माझा नकाशा उपकेंद्रातून काढून आणला होता. सगळ्यांपुढं उंच धरला.

"बघा. ह्यांच्याच बाईनं लावलंय. साथ कुटं हाय ते बघा. ही आमच्या फाटकावर आली, आन् माजी सून गेली." मग माझ्याकडं न बघता, "हिला भाईर बसवा."

मी बाहेर बसले. पायरीवर. तिथनं वस्तीतल्या बाया दिसत होत्या, सकाळीच मळ्यांवरून परत पाठवलेल्या. दुकानदार मिठाची पुडी काठीनं पुढं ढकलत होता. हे सगळं करायला कागद मीच दिला होता. माझ्या टिकल्या लावून.

आणि तिथंच कळलं. साथ वस्तीत जास्त नव्हती. वस्तीत मी आत गेले होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर गेले. फाटक ढकललं. चपला दारात काढल्या, कुणाच्याही घरी काढते तशा. आत गेले.

"उंबरा वलांडला गं हिनं!" म्हातारी किंचाळली.

"वलांडला. आता ह्यो थर्मामीटर काखंत धरा."

तिलाही ताप होता. थोरल्या सुनेलाही. दोघींची नावं लिहिली, पंचायतीतून नकाशा परत आणून त्यावर टिकल्या लावल्या. संध्याकाळी आरोग्य खात्याच्या साहेबांनी बोलावलं.

"धाकट्या सुनेपुढं नुसतं न्यूमोनिया लिहा, बाई. वर बोलणं झालंय."

"दवाखान्याच्या कागदावर स्वाइन फ्लू हाय. मी तेच लिहिनार."

"नाव कमी करीन तुमचं."

"करा. लिहिल्यावर करा."

आणि त्यांच्यासमोर लिहिलं. अक्षर वाकडं आलं. माझ्या आयुष्यातलं तेवढंच एक वाकडं अक्षर मला आवडतं. नाव काही कमी झालं नाही. पंधरा दिवसांत बायांना कामावरही बोलावलं, गवत वाढलं होतं ना! माफी कुणी मागितली नाही.

त्यानंतर रस्त्यावरून विचारून मी एकही घर लिहिलेलं नाही. करोनातही नाही. दार उघडलं नाही, तर 'दार उघडलं नाही' असं लिहिते, घरमालकाच्या पूर्ण नावासकट. माझ्या जागी येणाऱ्या पोरींनाही हेच शिकवते आहे. आपला ताप लिहायचा, तर त्यांचाही लिहायचा. त्यांचं मरण झाकून आपल्या माथी साथ मारू द्यायची नाही.

पण फाटकाच्या कडीला हात लावला की त्या सुनेची आई आठवते. मिरजगावकडची. लेकीचा दहावा उरकून ती माझं घर विचारत वस्तीत आली होती. मी चहा दिला, तिनं घेतला. मी माझी बाजू सांगत बसले, ते लोक आम्हाला कसं आत घेत नाहीत, पिढ्यानपिढ्या कसं हेच चाललंय. मिरजगावला तिच्या दारात गेले असते, तर तिनं तरी आत घेतलं असतं का, मला ठाऊक नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला. मग म्हणाली,

"बाई, त्यांनी तुला आत घेतलं न्हाई, ते त्यांच्याकडं. पर तू भाईर का थांबलीस?"