दोनशे साठ पानांचा कौल

प्रकाशकाचा मेल आला तेव्हा मी बांद्याच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. पोरांना निबंध लिहायला लावून टेबलाखाली मोबाइल बघत होते. हेच करू नका म्हणून मी त्यांना रोज दटावते. कादंबरी आवडली, छापायची आहे, सोबतच्या संमतिपत्रावर सही करून आठ दिवसांत पाठवा, एवढाच मजकूर होता. तास संपेपर्यंत मी तो अकरा वेळा वाचला असेल.

तीन प्रकाशकांकडून 'साभार परत' आलेली कादंबरी. मी नाचायला हवं होतं. पण घरी छापून घेतलेल्या संमतिपत्रात पाचव्या क्रमांकाला एक ओळ होती: लेखनात कोणा हयात व्यक्तीच्या खासगी आयुष्याचं चित्रण असल्यास तिची परवानगी घेतली आहे. सहीसाठी उघडलेलं पेन मी बंद केलं.

कादंबरी माझ्या आत्याची होती. ती बाबांची धाकटी बहीण. लग्न झालं नाही, म्हणून मालवणजवळच्या आमच्या घरीच राहिली. तिला बाविसाव्या वर्षी आंबोलीचं एक स्थळ सांगून आलं होतं. घरच्यांनी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे गावदेवाला कौल लावला. म्हणजे गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे एकेक ओली कळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आत्याच्या वेळी डावी पडली. स्थळ मोडलं. पुढे आलेली स्थळं या ना त्या कारणाने मोडत गेली आणि मग यायचीच थांबली.

हे मला उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत कळत गेलं. मागच्या पडवीत ओले काजू सोलताना आत्या हाताला खोबरेल लावायची आणि एखादं वाक्य टाकायची. दोन काजू, एक वाक्य. बाकीचं मी भरून काढलं. एका कळीपायी आपलं प्रेम गमावलेली बाई, अशी दोनशे साठ पानं. सहा वर्षं लागली. 'मी एक गोष्ट लिहितेय' इतकंच मी तिला सांगितलं होतं. माहेरी गेले की ती माझ्या हातातली केरसुणी काढून घ्यायची. "तू लिवत बस. केर मी काढतंय," म्हणायची. पहिली प्रत छापून आणली तेव्हा तिनेच दाभण आणि जाड दोरा घेऊन ती शिवून दिली. टाके इतके सरळ की फूटपट्टी लावून बघावी. आणि आत डोकावली नाही. "तू सांगशीत तेवा वाचीन," म्हणाली. एवढा विश्वास कोणी टाकला की माझा जीव नुसता कासावीस होतो.

दुसरा आधार मालवणच्या ग्रंथपाल बाईंचा. त्या कोणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत. आत्याने शिवलेली प्रत त्यांनी चार दिवसांत वाचली आणि जुन्या पुस्तक-चिठ्ठ्यांच्या पाठीवर शेरे लिहून परत दिली. 'इथे रडू आलं. म्हणून पुढची ओळ काढा.' तिसरा नकार आला तेव्हा मी ते बाड माळ्यावर टाकणार होते. त्यांनी ते माझ्याकडून ओढून घेतलं आणि स्वतः पोस्टात जाऊन चौथ्या प्रकाशकाला पाठवलं. मेल आल्यावर मी पहिला फोन त्यांनाच केला. चुकलंच माझं. दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांना माझे बाबा भेटले आणि आनंदाच्या भरात त्या बोलून गेल्या, "तुमच्या बहिणीवर काय सुंदर लिहिलंय हो पोरीने. तो कौलाचा प्रसंग तर विचारूच नका."

बाबांचा फोन आला. आवाज अगदी थंड होता. "शनवारी ये," म्हणाले आणि ठेवला.

शनिवारी दुपारची एसटी पकडली. कुडाळला गाडी बदलली. मांडीवर संमतिपत्राचं पाकीट होतं. ते दहादा पिशवीत घातलं आणि दहादा काढलं. मेलचे आठातले पाच दिवस गेले होते. शेजारच्या बाईंनी शेवटी विचारलंच, "काय हरावला?" मी नाही म्हटलं.

बाबा ओट्यावर वाट बघत होते. मला वाटलं होतं, ओरडतील. ते बरं झालं असतं. ते म्हणाले, "देवाचो कौल पुस्तकात घातलंस. लोक काय म्हणतले ता सोड. पण ही देवाची गोष्ट आसा. ती छापूची काय नको, ता आपण कोण ठरवणारे? देवाकच इचारूया."

आणि मी हो म्हटलं. ताबडतोब म्हटलं, याची मला आज लाज वाटते. कौलावर आयुष्य सोपवणाऱ्या माणसांविरुद्ध दोनशे साठ पानं लिहिणारी मी! पण त्या क्षणी डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. उजवा आला तर सही करीन, डावा आला तर देवाने नको म्हटलं. माझ्याकडे ठरवायचं काहीच उरत नव्हतं.

रविवारी सकाळी देवळात गेलो. आत्या नारळ आणि उदबत्ती घेऊन आली होती. पुस्तकासाठी कौल आहे एवढंच तिला माहीत होतं. पुस्तक काढायला देवाला विचारतात म्हणून ती खूशही होती. नेहमीच्या खांबाला टेकून बसली. गुरवाने कळ्या लावल्या आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान एक पुस्तक लिवल्यान आसा. तेच्यात तिच्या आतेच्या लग्नाच्या कौलाची गोष्ट आसा. ता छापूचा असात तर उजवो कौल दी, नको असात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.  मी खांबाकडे बघण्याचं टाळत होते.

कळ्या हलेनात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाण्याचा एक थेंब डावीकडून ओघळला. उजव्या कळीचं टोक सुटल्यासारखं वाटलं, मग तेही तिथेच राहिलं. मी पायाची बोटं मिटत होते, उघडत होते. अर्धा तास झाला असेल. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घालायला हात जोडले, तेव्हा मागून आत्या म्हणाली, "कळ्यो काढ."

गुरव वळून बघतच राहिला. कौल लावलेला असताना असं कोणी म्हणत नाही. आत्या उठून पुढे आली. "तेवा मी हयच, ह्याच खांबाकडे बसलेलंय. आयेन देवाक इचारल्यान, दादान देवाक इचारल्यान. माका कोणी इचारूक नाय." बाबांनी मान खाली घातली. मग ती माझ्याकडे वळली. "ते जुने लोक. पण तू? इतकी शिकलंस, बुका लिवतंस. तू पण देवाकच इचारतंस?"

 गुरवाने पुढे होऊन दोन्ही कळ्या हाताने काढल्या. नारळ मात्र आत्याने फोडायला लावला, फुकट का न्यायचा म्हणून.

घरी आल्यावर ती मागच्या पडवीत बसली. काजूची टोपली पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "वाच." मी तिनेच शिवलेली प्रत उघडली. सोमवारची रजा टाकली. दोन दिवस मी वाचत होते आणि ती सोलत होती. कधी हसली, कधी "तेचा नाक असा नव्हता," असं म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. कौलाच्या प्रकरणाशी आलो. नायिका देवळातून परत येते आणि विहिरीवर एकटी रडते. माझं सगळ्यात आवडतं पान. ग्रंथपाल बाईंनाही रडवलेलं.

आत्याने हातातला काजू टोपलीत टाकला. "ह्या खरा नाय."

"काय?"

"तो माणूस माका पसंत नव्हतो. डावो कौल पडलो तेवा माझ्या जिवाक बरा वाटला."

मी प्रत मिटली. सहा वर्षं. विहिरीवरची ती रडणारी बाई मी माझ्या मनाने तिथे नेऊन बसवली होती.

"मग आयुष्यभर तुका राग कसलो होतो, आते?"

"सांगलंय न्हय देवळात? कोणी इचारूक नाय, तेचो."

 मग, कादंबरी लिहून, शिवून, चार ठिकाणी पाठवून झाल्यावर, मी तिला पहिल्यांदा विचारलं, "तुका काय व्हया होता?"

तिने हाताचं तेल पदराला पुसलं. या प्रश्नाला ती तयार नव्हती, हे दिसत होतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कुडाळाक शिवणाच्या क्लासाक जावचा होता. स्वताची मशीन घेवची होती." माझ्या मांडीवर तिने घातलेले ते सरळ टाके होते.

"छापू मां गो?" मी विचारलं.

"छाप. पण आधी नीट लिव."

त्या संध्याकाळी मी प्रकाशकाला कळवलं की शेवटची शंभर पानं चुकली आहेत, नव्याने लिहायला हवीत, थांबाल का? त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. मी दर तासाला मोबाइल बघते. शनिवारी मात्र नवीन पानं घेऊन माहेरी जाते आणि एकेक ओळ वाचून आत्याला विचारते, हे असंच होतं ना.