काकांनी लिंपलेली फट

आमच्या गावचा रेल्वेचा पूल पाहायला लांबून माणसं येतात, फोटो काढतात आणि जातात. एवढं लोखंड कुणीतरी रंगवलं असेल, हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात येत नाही. मला याचा राग येतो. ते लोखंड माझ्या थोरल्या काकांनी रंगवलंय, सगळी नोकरी, या टोकाकडून त्या टोकाला आणि पुन्हा मागे.

काका रंगाऱ्यांच्या टोळीचे मुकादम होते. पूल मात्र आमच्या घरात त्यांच्याही आधीपासूनचा. त्यांचे आजोबा पाथरवट. नदीतले खांब उभे राहिले तेव्हा दगड घडवायला होते. पाणी येतं त्या बाजूला खांब होडीच्या नाकासारखे निमुळते आहेत, म्हणजे पूर अंगावर न येता दोन्हीकडून निघून जातो. "पाण्याशी भांडायचं नाही, त्याला वाट द्यायची," असं ते म्हणायचे, आणि काका हे वाक्य आल्यागेल्याला ऐकवायचे.

खांबांवर लोखंडी पट्ट्यांच्या त्रिकोणांचे लांबच लांब सांगाडे आहेत. प्रत्येकाचं एक टोक दगडाला पक्कं जखडलेलं, दुसरं जाड लोखंडी लाटण्यांवर नुसतं टेकवलेलं. उन्हात लोखंड वाढतं, थंडीत आखडतं; त्याला सरकायला लाटणी, आणि पुढे बोटभर फट. ज्याला हे सुचलं त्याला माझा दंडवत. पण ती फट कशासाठी, हे टोळीत कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. तिथे ब्रश नीट जात नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

काकांना रंगाचा एक ओघळ दिसला तरी घास गोड लागत नसे. काकूचा टोमणा ठरलेला. "घरातल्या भिंतींना पोपडे सुटलेत, आणि हे पुलाला पावडर लावतायत!"

एका थंडीत मोठे साहेब पाहणीला यायचे होते. शेवटच्या सांगाड्याखाली लाटण्यांच्या खोबणीत कायम घाण साचायची, चिमण्या काड्या आणून टाकायच्या. काकांनी खोबण खरवडली, लाटण्यांसकट सिमेंटने भरली, फट लिंपली आणि वरून असा रंग मारला की जणू तिथे कधी काही नव्हतंच. साहेब खूश झाले. काका आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

मग उन्हाळा आला. सांगाडा वाढला, त्याला सरकायला जागा उरली नव्हती, आणि खांबाच्या माथ्यावरचा दगड तडकला.

गाड्या बंद झाल्या. तपासणीला इंजिनिअर बाई आल्या. बाई हुशार होत्या, पण काकांचा हात इतका साफ की त्यांनाही ते काम मूळचंच वाटलं. त्या म्हणाल्या, "बाकी सगळीकडे लाटणी आहेत, इथेच बांधणारे विसरले. उन्हात वाढलेलं लोखंड सरकणार कुठे? दगडही कच्चाच दिसतोय. अशी आणखी किती कामं आत दडलीत, कोण जाणे. हा पूल पाडलेलाच बरा." काका रंगाचा डबा धरून शेजारीच उभे होते. आपण काय करून बसलोय, ते त्यांना तेव्हा कळलं.

दुपारी ते जेवायला आले. मीही पानावर होतो. काका भाताकडे नुसते बघत बसले.

"काय झालं? तोंडात सिमेंट भरलंय का?" काकूने विचारलं.

"तोंडात नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. बोललं तर मुकादमकी जाणार, कदाचित नोकरीही. गप्प बसलं तर पूल जाणार, आणि दोष जाणार आजोबांच्या माथी.

काकूने वाढता वाढता हात थांबवला. "मग सांगून टाका. सासरेबुवांचे वडील काही उठून सांगायला येणार नाहीत." माझी काकू ही अशी. उगाच नाही काका तिला घाबरायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या टोळीसमोर काकांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि आपलंच काम फोडलं. रंगाखालून सिमेंट निघालं, सिमेंटखालून लाटणी.

"दगड कच्चा नाही, बाई," ते म्हणाले. "माझ्या आजोबांच्या हातचा आहे. चूक त्यांची नाही, माझी."

बाईंनी वाकून लाटण्यांवरून बोट फिरवलं. "तुम्ही बोलला नसता तर मला कळलं नसतं."

"मला तर कळलं होतं ना," काका म्हणाले.

पूल वाचला. तडकलेला दगड बदलला, गाड्या सुरू झाल्या. काकांची नोकरी राहिली, मुकादमकी गेली. ती मिळाली त्यांनीच शिकवलेल्या रंगाऱ्याला. लोकांनी काय काय म्हणायचं ते म्हटलं. लोकांना काय, जीभ फुकटची आहे.

नव्या मुकादमाच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम पुलावर गेलो होतो. तो बिचारा काकांच्या नजरेला नजर देईना. त्यांच्यासमोर उभा राहून ब्रशच चाचपत बसला. शेवटी म्हणाला, "मुकादम, तुम्ही आज बसा सावलीत. आम्ही करतो."

"मुकादम तू," काका म्हणाले. त्यांनी डबा उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सांगा मुकादम, कुठून सुरुवात करू?"

त्या दिवसापासून मी कोणाचा पुतण्या, हे कुणी न विचारताच सांगतो.